सावळाराम गुळव्याचं नाक

बाकीचे गुळवे उकळता पाक पाण्यात टाकून गोळी वळते का बघत. सांगवीचा सावळाराम काहिलीच्या कडेला उभा राहून नुसता वास घ्यायचा आणि म्हणायचा, उतरवा. माणसं काहील उचलून गूळ निवायच्या वाफ्यात ओतायची आणि गूळ दगडासारखा बसायचा. उभ्या जन्मात त्यानं पाकाची गोळी वळली नव्हती, आणि त्याचा त्याला ताठा होता.

गेल्या पावसाळ्यात खोकताना त्याला रक्त पडलं. त्याचा थोरला भाऊ असाच गेला होता. बायको प्रयागबाई त्याला भैरोबाला घेऊन गेली. त्यानं पायरीवर चिलीम फोडली. त्याच्या सोडण्याला जोड म्हणून तिनं जिवाची आवडती वस्तू सोडली.

"तुमी धूर घेत न्हाय, तवर माझ्या तोंडात गूळ जायाचा न्हाय."

दिवाळी गेली, संक्रांत गेली. तिनं गुळाच्या पोळ्या लाटल्या, दुसऱ्यांना वाढल्या. त्याचा खोकला थांबला.

मग सर्जेरावाच्या मळ्यात गुऱ्हाळ लागलं. पहिल्याच काहिलीला सावळारामला वास आला, त्यानं उतरवली, तर ढेप बसेचना. सर्जेराव म्हणाला, तात्या, ही बांधायची का पोळीसंगं वाढायची? माणसं हसली, सावळारामही हसला, पण त्याच्या पाठीला घाम फुटला होता. दुसऱ्या दिवशी भिऊन तो थांबला, तर गूळ करपला. सर्जेराव रागावला नाही. कळंबच्या आबाजी गुळव्याला उद्या बोलावून घेऊ का, एवढंच त्यानं हळू विचारलं. ते रागावण्याहून वाईट होतं.

रात्रभर सावळाराम कुशीवर वळत राहिला. आपलं नाक चिलमीच्या धुराआडून शिकलेलं. धूर हटला आणि आता त्याला नको ते सगळं कळतंय. चिपाडाची राख, बैलांचा घाम, कच्चा रस. त्यात पिकल्या पाकाचा वास सापडत नाही. हे खरं होतं, का चिलमीनंच त्याच्या मनात घातलं होतं, कुणी सांगावं.

तिसऱ्या दिवशी दुपारी काहील फसफसून वर आली. सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होते. चुलवाणापाशी जाळ घालणारा झुंबर चिलीम ओढत बसला होता.

"झुंबर, दे रं. एकच झुरका."

"तात्या, वैनी काय म्हन्तील?"

"काहील चढलीया. दे."

धूर छातीत उतरला, डोकं गरगरलं. आणि वास आला, जुना, ओळखीचा. उतरवा, तो म्हणाला.

गूळ बसला. सर्जेरावानं बोटाच्या पेरानं ढेप वाजवून बघितली, मान हलवली. आबाजीचं नाव पुन्हा निघालं नाही.

प्रयागबाई भाकरी घेऊन आली. सावळारामनं उसाच्या रसानं चूळ भरली होती. तिनं पाटी उतरवली, त्याच्याजवळ आली आणि थांबली.

"ह्या येका काहिलीपुरती," तो घाईनं बोलला. "न्हायतर आबाजी येत हुता."

"आजून किती ऊस उभा हाय?"

त्यानं मान वळवून बघितलं. बांधापासून पार पाटापर्यंत ऊस वाऱ्यानं सळसळत होता. उत्तर द्यायला त्यानं तोंड उघडलं आणि खोकला आला. वाकून, गुडघ्यावर हात टेकून तो खोकत राहिला. मान वर करून बघितलं, तेव्हा प्रयागबाई वाफ्याच्या कडेला बसली होती. तिथला कोमट गूळ तिनं नखानं खरवडला आणि तोंडात टाकला.