कुलूप लागलेला सोमवार

नाना प्रयोगशाळेत येताना चपला दाराबाहेर काढत. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात पाण्याची तपासणी करणारी आमची प्रयोगशाळा. मी तिथे रसायनतज्ज्ञ आणि नाना मदतनीस. पायावर आम्ल सांडलं तर काय होईल, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी समजावलं. दुसऱ्या दिवसापासून ते आतल्यासाठी वेगळे बूट ठेवू लागले, पण बाहेरची चप्पल उंबऱ्याच्या आत आली नाही ती नाहीच. काचेची भांडी धुताना ते पाण्याची एकच बारीक धार धरत, मध्ये तुटू देत नसत. "काय नाना, झाला का अभिषेक?" असं कोणीतरी रोज विचारी. "झाला. आता साहेबांनी तीर्थ तपासायचं," असं ते म्हणत.

ते जन्माने गुरव. पंचवटीतल्या एका बोळात त्यांच्या घराण्याकडे महादेवाचं लहानसं देऊळ होतं आणि पूजेच्या पाळ्या भावांत वाटलेल्या होत्या. वडिलांनी जाताना श्रावणातले सोमवार धाकट्याला, म्हणजे नानांना दिले, कारण पिंडीवर फुलांची पूजा बांधण्यात त्यांचा हात चांगला होता. थोरल्याच्या पाळीला आलेली माणसंही विचारत, "आज धाकटे नाहीत का?" थोरले दादा हे वर्षानुवर्षं ऐकत आले.

पुढचं मला नानांच्या पत्नीने, वहिनींनी सांगितलं. एका श्रावणात कळवणला, वहिनींच्या माहेरी, त्यांच्या आईची शेवटची घटका आली. दादा नानांना म्हणाले, "तू जा. सोमवारचं मी बघतो." त्या घरात पाळी अशी शब्दावरच बदलत असे. नानांनी देवळाची किल्ली दादांच्या घरी खुंटीला अडकवली आणि दोघं कळवणची एसटी धरून गेली. सोमवारी सकाळी बोळाच्या तोंडापर्यंत रांग, हातात बेल-फुलं, दुधाच्या पिशव्या आणि दाराला कुलूप. दहा वाजेपर्यंत देव पारोसा राहिला. नाना परतल्यावर भाऊबंद जमले तेव्हा दादा म्हणाले, "किल्ली दिसली खुंटीला. पण मला कुणी काही सांगितलं नव्हतं." देव उपाशी ठेवणाऱ्याची पाळी जाते, असा त्यांच्यातला रिवाज. नानांची गेली. सगळे सोमवार दादांकडे आले. नाना पंचवटी सोडून नाशिकरोडला आले आणि वीज केंद्रात कामाला लागले.

"आणि हे काही बोललेच नाहीत!" वहिनी म्हणाल्या. "भाऊजींनी शब्द दिला तेव्हा मी तिथेच होते ना. माझ्या कानांनी ऐकलं होतं. मी उठायला लागले तर माझा हात धरून खाली बसवलं."

मी नानांना याबद्दल एकदाच विचारलं. ते बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवत होते. "देवाला मी इथं हवा असेन," ते म्हणाले.

"बाटल्या धुवायला?"

"ते मला काय ठाऊक? मला त्याने विचारून आणलं नाही, मीही विचारायला गेलो नाही."

या उत्तराचा मला रागच आला. अन्याय करणारा माणूस त्यातून सरळ सुटून जातो, असं मला वाटे. पुढे माझी पत्नी गेली. नाना महिनाभर रोज संध्याकाळी डबा घेऊन येत, मी जेवेपर्यंत शेजारी बसत आणि डबा घासून घेऊन जात. शेवटच्या दिवशी दारात म्हणाले, "साहेब, इथं कशाला आणलं, त्यातलं थोडं आता कळलं." मी वाद घातला नाही. पटलं होतं असंही नाही.

नाना निवृत्त झाले त्या वर्षी दादांची उजवी बाजू लुळी पडली. मुलं पुण्याला नोकरीत, देवळाकडे बघणारी नव्हती. आषाढ संपता संपता दादा रिक्षाने नाशिकरोडला नानांच्या घरी आले. मी तिथेच होतो.

"श्रावण आलाय," दादा म्हणाले. "माझा हात चालत नाही. तू ये."

"बरी आठवण झाली भाऊजी! इतकी वर्षं देऊळ सापडत नव्हतं का आम्हाला?" वहिनींनी विचारलं.

"नाना, त्या सोमवारचं मी..." दादा बोलू लागले.

"बेल कुठून आणता हल्ली?" नानांनी विचारलं. मग वहिनींना म्हणाले, "चहा ठेव."

तीन श्रावण त्यांनी पूजा बांधली. चौथ्याच्या आधी, गेल्या महिन्यात, ते गेले. हृदय थांबलं, फार त्रास झाला नाही.

पाचव्या दिवशी मी पंचवटीत दादांना भेटायला गेलो. घराला सुतक, म्हणून पूजेला दुसऱ्या घराण्यातला गुरव आला होता. दादा देवळासमोरच्या ओट्यावर काठी धरून बसले होते. त्यांनी मला ओळखलं आणि शेजारी बसायला सांगितलं.

"तुमच्याबरोबर इतकी वर्षं होता," ते म्हणाले. "माझ्याबद्दल काय म्हणायचा?"

काही गोड रचून सांगावं, असं क्षणभर मनात आलं. पण खरं तेच सांगितलं. "काही नाही. देवाला मी तिथं हवा असेन, एवढंच म्हणायचे. तुमचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही."

दादांनी डावा हात उजव्या हातावर ठेवला. आत आरती सुरू झाली होती. त्यांना उठता येत नव्हतं आणि सुतकात आत जायचंही नव्हतं.

"घ्यायला हवं होतं," ते म्हणाले.