गैरहजर डॉक्टरांसाठी प्रार्थना

आमच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर सोडून सगळं हजर असतं. खुर्ची, पंखा, सेवेची पाटीसुद्धा. त्याविरुद्ध सह्या गोळा करायला गेलो, तर बाकावर एक ख्रिस्ती मावशी "प्रार्थना करू, येतीन डॉक्टर" म्हणत रांगेला धीर देत बसलेली. शेजारी नवरा, शुगरनं चिघळलेला पाय पुढे करून. डॉक्टरांनी आज पाय पाहिला नाही तर बोटं जातील, असं नर्सनं सांगितलेलं.

मी भडकलो. "मावशी, डॉक्टर प्रार्थनेनं येत नसतात!"

"पाहू ना बाबू," म्हणत तिनं डोक्यावर पदर घेतला, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "प्रभू, डॉक्टरसाहेब आठ दिवसांपासून दिसून नाही राह्यले. त्याहिले सुखरूप ठेव. दवाखान्याचा रस्ता दाखव."

अख्खी रांग "आमेन" म्हणाली, जय भीमवाले काकासुद्धा.

आतून दवाखान्याचे हेडक्लार्क, मोठे बाबू, धावत आले. "ओ बाई, हळू बोला ना! देव काय बहिरा हाय?"

"नाही जी. त्याले मनातलंबी ऐकू येते. जोरानं तुमच्यासाठी म्हटलं."

बाबूंनी तिथंच फोन लावला. तासाभरात डॉक्टर त्या पायाशी वाकले होते. मी वर्षभर घोषणा देतोय, पण अशी एकही मला सुचली नाही.