साबण लावलेला गज

एका मोठ्या हॉटेलच्या जेवणघरात मामा वीसेक वर्षं रोज व्हायोलिन वाजवत होता. लोक जेवायला यायचे, गाणं ऐकायला नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. तो म्हणायचा, "आपलं वाजवणं मिठासारखं. आहे हे कळलं नाही पाहिजे, नाही हे कळलं पाहिजे." एके दिवशी हॉटेलचा मालक बदलला, छतात स्पीकर बसले आणि मामा घरी बसला. मीठ नसल्याचं कुणाला कळलं नाही.

मामा एकटाच. इस्त्रीच्या दुकानावरच्या एका खोलीत राहायचा. खालून दिवसभर वाफ यायची आणि भिंतीला लावलेला आरसा धुरकट व्हायचा. दोन मुलं शिकायला यायची. आधी एक बंद झालं, मग दुसरं. त्या दुसऱ्याच्या आईने जाताना सांगितलं, "परीक्षा आहेत." मामाला वाटलं, हल्लीची पोरं कष्टाळू नाहीत.

भाचीचं लग्न ठरलं तेव्हा धाकटी बहीण जिना चढून वर आली. धाप लागली होती, तरी बसायच्या आधीच बोलायला लागली.

"दादा, तिकडच्या लोकांना लग्न लागताना आणि जेवताना मागे हळू संगीत हवंय. वाजवणाऱ्यांना विचारलं तर भाव ऐकूनच घाम फुटला. यांची नोकरी सुटल्यापासून घरातलं तुला माहीतच आहे. स्वस्तात कुणी मिळेल का तुझ्या ओळखीचं?"

"ओळखीचं कशाला? मी काय मेलोय?"

बहिणीचा चेहरा उजळला. खर्च वाचला म्हणून उजळला तसा भावाला काम मिळालं म्हणूनही. तिने येताना आणलेला डबा उघडला आणि स्वतःच त्याला ताटात वाढलं.

साथीला मामाने तबकडीला बोलावलं. तबकडी म्हणजे हॉटेलातला त्याचा जुना कीबोर्डवाला. एकदा बोलायला लागला की सुई अडकल्यासारखा तेच तेच बोलायचा, म्हणून हे नाव. आता तो औषधांच्या दुकानात काउंटरवर उभा राहायचा. सुट्टीच्या दिवशी कीबोर्ड पाठीला बांधून आला. हसतखिदळत दोघांनी सुरुवात केली आणि थोड्याच वेळात तबकडीचा हात थांबला.

"मामा, स्वर उतरतोय तुमचा."

"तुझा कीबोर्ड चढलाय."

तबकडी नेहमीसारखा बडबडला असता तर बरं झालं असतं. कीबोर्ड चढत नाही की उतरत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. मामाने तारा पुन्हा जुळवल्या. नव्या तारा आहेत, अजून ताणल्या नाहीत, असं काहीसं म्हणाला. पुन्हा वाजवलं. तबकडीने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

शेवटी तोच मामाला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. मामाला काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन घातले आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. बराच वेळ काहीच आलं नाही. मामा काचेपलीकडच्या बाईंच्या चेहऱ्याकडे बघून अंदाजाने बटण दाबत राहिला. डॉक्टर तरुण होत्या. त्या मोठ्याने आणि सावकाश बोलल्या. "शीर कमजोर झालीय, काका. दोन्ही कानांना स्वर वेगवेगळा ऐकू येतोय तुम्हाला. मशीन लावलं तर बोलणं कळेल. गाण्याचं मी खोटं सांगणार नाही."

बाहेर आल्यावर तबकडी म्हणाला, "ताईंना सांगून टाका."

"आता सांगू? लग्न तोंडावर आलंय. ऐनवेळी ती कुणाला शोधेल आणि कुठून?" मग मामा म्हणाला, "खालच्या तारांवरचं, संथ असं काहीतरी बसवू. तू भरून काढ. झाकली मूठ."

लग्नाच्या दिवशी विधी सुरळीत पार पडले. सगळे शांत बसले होते, त्यामुळे मामाला कीबोर्ड अंधुक का होईना ऐकू येत होता. भाची नवऱ्याच्या शेजारी उभी राहिली, तेव्हा त्याने एक लांब, खोल स्वर धरला आणि तो नेमका जागेवर लागला. तबकडीने मान डोलावली. मामाला वाटलं, डॉक्टरांना काय कळतं.

मग जेवणं सुरू झाली. ताटल्या, चमचे, खुर्च्या ओढण्याचा आवाज, दोनशे माणसांचं बोलणं. त्या गोंगाटात कीबोर्ड बुडाला आणि मामा एकटा पडला. तो बोटांच्या सवयीवर वाजवत राहिला. आपलं कसं होतंय हे त्याला लोकांच्या चेहऱ्यांवर दिसू लागलं. जवळच्या टेबलावरच्या बाईंनी डोळे बारीक केले. एका माणसाने घास तोंडात ठेवून मागे वळून पाहिलं. नवऱ्याचा भाऊ लगबगीने उठला आणि हॉलच्या स्पीकरला आपला फोन जोडू लागला.

तेवढ्यात भाची आली. लग्नाच्या भारी कपड्यांनिशी मामाच्या खुर्चीशी वाकली आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "मामा, गाणी फोनवर लावतोय आम्ही. पण तू उठू नकोस. हात चालू ठेव, फक्त आवाज नको. तू इथे बसलेला किती छान दिसतोस. फोटो सुंदर येतायत."

ती रागावली असती तर त्याला भांडता आलं असतं. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. मामा म्हणाला, "बरं." गज तारांपासून केसभर वर धरून तो हवेत चालवू लागला. तबकडीने मात्र कीबोर्ड बंद केला, पिशवीत घातला आणि जेवण न घेताच निघून गेला. नंतर मामा जेवायला बसला तेव्हा बहिणीने त्याला बळेबळे दुसऱ्यांदा वाढलं. "सगळे तुझं नाव काढतायत, दादा," असं तिने दोनदा सांगितलं. तिला खरंच काही कळलं नव्हतं, की कळूनही बोलत होती, हे मामाला ठरवता आलं नाही.

पुढच्याच आठवड्यात फोन आला. लग्नांची कंत्राटं घेणारा एक माणूस त्या जेवणाला होता. "तुमची आयडिया आवडली आपल्याला," तो म्हणाला. "गाणी आमची, बसायचं तुम्ही. साथीदारांचा खर्च नाही, तालमी नाहीत. गिऱ्हाइकाला स्वस्त पडतं आणि जिवंत संगीताचा थाट."

मामाने औषधांच्या दुकानात जाऊन तबकडीला विचारलं.

"हे वाजवणं नाही, मामा."

"मग काय आहे?"

"बसणं आहे. आणि बसायला मी दुकानातही बसत नाही, उभा असतो." एवढं बोलून तबकडी गिऱ्हाइकाकडे वळला.

मामा एकटाच गेला. पहिल्याच लग्नात व्हिडिओवाल्याची तक्रार आली की गज हवेत आहे हे स्पष्ट दिसतं. तो तारांना टेकला पाहिजे. टेकला तर आवाज येणार. मामाला एक उपाय माहीत होता. गजाच्या केसांना राळ लावतात म्हणून तार बोलते. राळेच्या जागी साबण चोळला तर गज तारेवरून मुकाट घसरतो. पण साबण एकदा केसांत मुरला की तो गज वाजवण्याच्या कामाचा राहत नाही. मामाकडे गज एकच होता. सकाळी मोरीवर उभं राहून त्याने भांड्यांच्या साबणाची वडी घेतली आणि टोकापासून मुठीपर्यंत सावकाश चोळली, एकही केस कोरडा राहू नये अशी.

कामं येत गेली. बहीण सगळ्यांना सांगायची, दादाला आता उसंत नसते. मामाही मन लावून बसायचा. उगाच हात हलवणं त्याला जमेना, म्हणून तो खरीच बोटं टाकायचा, त्याला आठवतील ती गाणी, शेवटापर्यंत. स्पीकरवर काय लागलंय याच्याशी त्याचा संबंध नसायचा.

एका लग्नात जेवणं रंगात आली असताना त्याच्या लक्षात आलं की लोक त्याच्याकडे बघतायत. आधी एक टेबल, मग पलीकडचं. हातातले चमचे थांबले होते. जेवता जेवता कुणी थांबून बघितलंय असं हॉटेलच्या वीस वर्षांतही झालं नव्हतं. मामाने डोळे मिटले. डाव्या हाताची बोटं तारेवर थरथरवत त्याने वरचा स्वर घेतला, गज शेवटच्या टोकापर्यंत ओढला आणि गाणं पुरं करून मान झुकवली.

डोळे उघडले तेव्हा लोक हसत होते. दोघांतिघांनी टाळ्याही वाजवल्या. लग्नाचं कंत्राट घेणारा माणूस धावत स्पीकरकडे गेला होता. तो बंद पडून, गाणं थांबून बराच वेळ झाला होता.

तो परत आला तेव्हा मामावर ओरडला नाही. कानाशी वाकून म्हणाला, "काका, त्या स्पीकरवर एक हिरवा दिवा असतो बघा. तो गेला की हात थांबवायचा. एवढं लक्षात ठेवा."

मामाने लक्षात ठेवलं. आता तो खुर्ची थोडी तिरकी करून बसतो आणि जेवणं संपेपर्यंत दिव्यावरून नजर हलवत नाही. त्यामुळे बोटं कुठल्या गाण्यात होती ते तो मध्येच विसरतो. मग तो नुसताच गज ओढत राहतो.