कणकेचा जास्तीचा गोळा

सोलापूरच्या एमआयडीसीजवळ माझी खाणावळ आहे. तिथं रोज दुपारी येणाऱ्या एकाला मी मनातल्या मनात साबणवाला म्हणते. नाव कधी विचारलं नाही. तो प्लॅस्टिकच्या वस्तूंची डिझाइनं करतो. ताटाला हात लावण्याआधी कणकेचा गोळा मागतो, खिशातून साबणात कोरलेली वस्तू काढतो, गोळ्यात दाबतो आणि सरळ वर ओढतो. कणीक फाटली की चमच्यानं वस्तूची कडा जराशी तिरकी खरवडतो आणि पुन्हा दाबतो. तोवर आमटी निवते.

एकदा डब्याच्या झाकणाची मूठ होती. संध्याकाळी तिचं ड्रॉइंग साचा कापायला जाणार होतं आणि कणीक फाटतच होती.

मी वैतागले. "चांगली दिसती की मूठ. जेव आता."

"दिसून भागत न्हाय, मावशी. साच्यातनं सुटाय पायजे. कणीक फाटली तर तुमी परत मळाल. पोलादाचा साचा कुटं मळायचा?"

शेवटी मूठ अलगद सुटली. कणकेतला खळगा त्यानं मला वाकून दाखवला आणि गार पोळी मजेत खाल्ली.

साबणाचा वास लागलेला गोळा टाकूनच द्यावा लागतो. मी अजून कुरकुरते. पण सकाळी पीठ घेताना त्याच्या नावाचा एक गोळा जास्त धरते.