लिंबूपाण्यावर नाचणारा

उत्तरेकडच्या आमच्या महानगरात शेजाऱ्यांच्या मुलाची बारात निघाली होती. बँड सुरू होताच आम्ही पोरं एका गाडीच्या डिकीमागे गोळा झालो, कारण तिथे बाटली होती आणि न पिता नाचायची कुणाचीच हिंमत नव्हती. मी तोवर कधी प्यालो नव्हतो. आज मात्र ग्लास हातात घेतला होता.

तेवढ्यात तो दिसला. माझ्याच वयाचा, कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, दातांत रुमाल धरून भर रस्त्यात लोळत नागीण नाचत होता. मागे ई-रिक्षा खोळंबल्या होत्या. त्याची उतरावी म्हणून म्हातारी मंडळी लिंबूपाणी आणून देत होती. तो ते गटागट प्यायचा, अदबीने हात जोडायचा आणि दुप्पट जोराने वळवळायचा.

धापा टाकत तो आमच्यापाशी आला, तेव्हा मी विचारलं, "भैया, कौन-सी पी है?"

"सिर्फ नींबू पानी. बुजुर्ग पिला रहे हैं, मना कैसे करें?" मग माझ्या ग्लासाकडे बघून तो खो खो हसला. "शर्म भगाने के लिए पी रहे हैं? अरे, नाचिए, खुद भाग जाएगी!"

मी ग्लास तसाच भरलेला डिकीत ठेवला आणि त्याच्यामागे धावलो. मला नाच अजिबात येत नाही. हातांचं पायांशी जमेना, पण हसून हसून पोट दुखायला लागलं.

बायकांच्या घोळक्यातून आई धावत आली. "हा कर," म्हणत तिने माझ्या तोंडाचा वास घेतला. कसलाच आला नाही, तशी ती आणखीच घाबरली.

"अरे, मग तुला झालंय तरी काय?"