लॉर्ना केस्किटालोची कटकट

लॉर्ना केस्किटालोच्या प्रोग्रामचं कुणी माझ्यापाशी कौतुक करायला लागलं की मला शिसारी येते. प्रोग्रामची नव्हे, कौतुकाची. कारण ते ज्याचं कौतुक करत असतात तो तिचा प्रोग्राम नसतोच. तो मी नासवलेला असतो.

लॉर्ना आमच्या काउंटीच्या रस्ते खात्यात कॉम्प्युटरचं काम बघायची. अमेरिकेत, लेक सुपीरियरच्या काठावर, केल्सी हार्बरला. नोव्हेंबर ते एप्रिल इथे बर्फ हटवणं एवढं एकच काम असतं. कुठली गाडी पहाटे कुठल्या रस्त्यावरचा बर्फ ढकलणार याची यादी करणारा प्रोग्राम तिने लिहिला होता, आणि तिच्या हाताखाली म्हणा, शेजारी म्हणा, मी होतो. अंगाने दांडगी, आवाज घोगरा, बारा महिने तोच तपकिरी लोकरीचा कोट. तो भिजला की खोलीभर ओल्या कुत्र्याचा वास. दुपारचं जेवण गाडीत बसून, एकटीने. माणसांचा तिला कंटाळा होता आणि तो ती लपवायच्या भानगडीत पडत नसे.

यादीच्या प्रोग्राममध्ये आम्ही काही बदललं की बाकीचं नीट चालतंय ना हे दर वेळी तपासावं लागे. त्यासाठी खात्याने बाहेरची एक सेवा भाड्याने घेतली होती. ती आठवड्यातून दोनदा बंद पडायची, आणि तक्रार केली की उत्तर यायचं, ‘तुमचं म्हणणं आमच्यासाठी मोलाचं आहे.’ लॉर्नाने ते पत्र वाचलं, एक शिवी हासडली आणि झाडू-फडक्यांच्या कपाटात मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर नेऊन लावला. तीन रविवारांत सहाशे ओळी लिहिल्या. कुणी बदल केला की तो कॉम्प्युटर आपणहून उठे, सगळं नव्याने जुळवे, चाचण्या चालवी आणि कपाटाच्या दारावरचा दिवा हिरवा नाहीतर लाल करी. लाल असला तर तो बदल गाड्यांपर्यंत जात नसे. बस, एवढंच. नाव ठेवलं ‘कटकट’.

मग तिने तो फुकट वाटला. एक साधं वेबपान, त्यावर फाइल, खाली स्वतःचा फोन नंबर. कुठल्या कुठल्या गावांची ग्रंथालयं, एक पाणीपुरवठा खातं, मिनेसोटातली एक शाळा, असे तीसेक जण तो वापरू लागले. अडले की फोन करत. ही ना नमस्कार, ना चमत्कार. “दिवा कुठला?” हा पहिला प्रश्न.

त्यातल्या निम्म्यांची मागणी एकच: चाचणी नापास झाली तर आपोआप पुन्हा चालवायची सोय दे. आमच्या धंद्यातली ही सगळ्यात गलिच्छ खोड. चाचणी कधी पास, कधी नापास. तर कारण शोधायचं सोडून बटण दाबत बसायचं, हिरवं होईपर्यंत. आणि मग तोंड वर करून सांगायचं, बघा, हिरवं आहे.

“अहो, दहातून एकदाच नापास होते,” एक जण अगदी काकुळतीला आला होता.

“मग ते दहातून एकदा मोडतं,” लॉर्ना म्हणाली. “दुरुस्त कर. मला काय फोन करतोस?” आणि फोन आपटला.

मला तेव्हा तिची लाज वाटायची. जग कुठे चाललंय आणि ही म्हातारी काय धरून बसलीय, असं मी चारचौघांत बोलून दाखवायचो. आज ते आठवलं की थुंकावंसं वाटतं.

तिने सगळ्यात आधी लिहिलेली चाचणी होती ती डायलिसिसवाल्या घरांची. त्यांच्यासमोरचा रस्ता सहाच्या आत मोकळा झालाच पाहिजे. आमच्याकडे असं एकच घर होतं, स्वान्सन रोडच्या टोकाला. वेइको तुओमेला, वय शहात्तर, एकटे. सोमवार, बुधवार, शुक्रवार चाळीस मैल गाडी हाकत दवाखान्यात जायचे.

त्या हिवाळ्यात लॉर्ना गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी दोन महिने रजेवर गेली आणि खोली माझ्या ताब्यात आली. त्याच सुमारास ती चाचणी अधूनमधून लाल व्हायला लागली. नवातून एकदा. मी म्हटलं, कॉम्प्युटर जुना, लागत असेल त्याला धाप. आणि ‘कटकट’मध्ये चार ओळी घातल्या: नापास झाली तर तीनदा पुन्हा चालव, एकदा जरी पास झाली तरी हिरवा लाव. दिवा हिरवागार. मी इतका खूश की ती प्रत माझ्या नावाने, छान रंगीत पान करून, जगाला वाटून टाकली. सहा आठवड्यांत चार हजार जणांनी घेतली. ‘शेवटी कुणाला तरी आमचं दुःख कळलं,’ असं लिहीत होते. एकाने विचारलं, तीनदा पुरत नाही, पाचदा करता येईल का? मी त्याच दिवशी करून दिलं.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी वादळ आलं. पहाटे स्वान्सन रोडवर गाडी गेलीच नाही. यादीत तो रस्ताच नव्हता. वेइको पाचपासून फावडं मारत होते. मग दम लागला म्हणून स्वतःच्या गाडीत बसून राहिले, अकरापर्यंत. डायलिसिस चुकलं, आणि दुसऱ्या दिवशी छातीत पाणी भरलं. नऊ दिवसांनी घरी आले ते ऑक्सिजनची नळी नाकाला लावून.

लॉर्ना रजा अर्धवट टाकून काठी टेकत आली. कोट काढला नाही. कपाटातल्या कॉम्प्युटरसमोर बसून नोंदी वाचत गेली.

“हे सतरा लाल कुठे गेले रे?”

“नंतर पास झाले ते. यंत्र जुनं—”

“यंत्राला बोल लावू नकोस. सतरा वेळा त्याने तुला सांगितलं.”

पन्नास मिनिटांत तिने दोष शोधला. पाळी बदलताना दोन गाड्यांच्या याद्या एकाच वेळी लिहिल्या जायच्या, आणि नंतरची यादी आधीच्या यादीतले रस्ते कधी कधी पुसून टाकायची. पन्नास मिनिटं. मी तेवढीसुद्धा दिली नव्हती.

माझ्या प्रतीतून त्या चार ओळी मी काढून टाकल्या, कारणासकट लिहिलं. तासाभरात कुणीतरी जुनी प्रत पुन्हा चढवली. सगळे तिकडे गेले. अजून तीच चालते, वर माझं नाव आहे.

पुढच्या शुक्रवारी ऑफिसात एक खोका आला. गरम पास्ट्या, म्हणजे मांस-बटाट्याच्या करंज्या, वेइकोंच्या बहिणीने केलेल्या. सोबत चिठ्ठी: ‘एवढ्या बर्फात तुम्ही लोक राबता, म्हणून.’ बाकीचे तुटून पडले. मी खोक्यापासून लांब उभा राहिलो.

“कोट घाल,” लॉर्ना म्हणाली.

वेइको स्वयंपाकघरात बसले होते. नळी कानामागे अडकवलेली. लॉर्ना दाराशीच उभी राहिली, काठीवर दोन्ही हात ठेवून. मी सांगितलं. दिव्याचं, चाचणीचं, चार ओळींचं. मध्येच म्हटलं की कॉम्प्युटर जुना असल्यामुळे मला वाटलं, आणि मग माझं मलाच ऐकवेना.

त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. पंचवीस वर्षं खाणीत बॉयलरवर काढलेला माणूस, त्यांना यंत्र समजावून सांगायची गरज नव्हती.

“म्हणजे लाल लागत होता?”

“हो.”

“तू बघितलास?”

“हो.”

“आणि मग?”

“तो दिसणार नाही असं केलं.”

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

“माझी बहीण फोनवर रडत होती त्या दिवशी,” ते म्हणाले. “चालत निघ, कुणाला तरी हाक मार, म्हणत होती. मीच तिला गप्प केलं. म्हटलं, पोरं येतीलच, त्यांच्या यादीत आहे मी.”