न हलणारी लिफ्ट

गौतमी तारिहाळच्या लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत लागली, तेव्हा तिच्या आईनं, पारूबाईनं, जुन्या हुबळीतल्या आपल्या गल्लीभर सांगितलं, ‘पोरगी लिफ्ट करती.’ खरं तर गौतमी लिफ्टचे नियम लिहायची. प्रोग्राम करण्याआधी लिफ्टनं काय करावं, काय करू नये, ते गणिताच्या भाषेत मांडायचं. कॉम्प्युटर ते मोडणारा प्रसंग हुडकायचा. सापडला की पुन्हा लिहायचं.

या खेपेला दवाखान्याची लिफ्ट होती. शुक्रवारपर्यंत नियम पक्के झाले नाहीत तर काम बेंगळुरूला जाणार, आणि गौतमीचं कायम होणं लांबणार.

दार उघडं असताना लिफ्ट हलू नये, मजल्यांच्या मधे दार उघडू नये, असं सगळं तिनं लिहिलं. कॉम्प्युटरला एकही दोष सापडेना. ती धावतच आपल्या वरिष्ठ सुलभाक्कांकडे गेली.

‘ही लिफ्ट दार लावून सुम्मने, नुसती उभीच राहिली, तर कुठला नियम मोडतो?’ अक्कांनी विचारलं.

गौतमीनं नियम पुन्हा वरून खाली वाचले. एकही मोडत नव्हता.

‘आमचे हे तसेच. आयुष्यात चुकले नाहीत. उठलेच नाहीत तर चुकणार कुठं?’

गौतमीला हसू आलं, पण कानही तापले. अक्कांनी शेजारी खुर्ची ओढून दिली. ‘बस. पुन्हा लिही.’

बोलावणाऱ्याकडे लिफ्टनं कधी ना कधी गेलंच पाहिजे, असं तिनं घातलं. आता कॉम्प्युटरनं दाखवलं: खालच्या दोन मजल्यांवरची माणसं बटण दाबत राहतात, लिफ्ट त्यांच्यातच फिरते, आणि तिसऱ्या मजल्यावरचं स्ट्रेचर ताटकळतं.

गल्लीच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं; ते गुरुवारी आलं. नळ त्यांच्याच दारात, तरी पारूबाई एक घागर भरून रांगेच्या शेवटी निघाली.

‘आई, दारातला नळ. अजून एक भरून घे की!’

‘आणि कोपऱ्यावरच्या रूपानं काय करायचं? ज्याचं भरलं त्यानं मागं जायचं.’

लहानपणापासून ऐकलेलं वाक्य. गौतमी कळशी हातात धरून तशीच उभी राहिली.

शुक्रवारी तिनं तोच नियम लिहिला: जिथं जाऊन झालं, तो मजला रांगेत शेवटी. दुपार गेली तरी कॉम्प्युटरला काही सापडलं नाही. सुलभाक्कांनी सही केली.

‘अक्का, पहिल्यांदाच पास केलं असतंत तर मी किती खूश झाले असते!’

‘तू झाली असतीस गं. स्ट्रेचरवरचा?’

गौतमीनं त्यांचा हात घट्ट धरला.

कायम झाल्याचं पत्र आलं, त्यानंतरच्या पाण्याच्या दिवशी ती म्हणाली, ‘आई, तुझा नियम लिफ्टीत घातलाय.’

‘माझा कसला? गल्लीचा हाय त्यो,’ पारूबाई म्हणाली आणि भरलेली घागर तिच्या हातात देऊन, रिकामी घेऊन मागं जाऊन उभी राहिली.